रक्ताच्या मूळपेशींना पुन्हा तारुण्य

प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. हे सगळं उत्पादन मूठभर मूळपेशींच्या, म्हणजेच स्टेम सेल्सच्या जिवावर चालतं.

वय वाढलं की या पेशींची संख्या घटत नाही, उलट वाढते. पण कस उतरतो. रोगांशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी कमी बनू लागतात आणि म्हातारपणी लसीचा परिणामही फिका पडतो.

असं का होतं? तरुण मूळपेशीत काही प्रथिनं एका बाजूला एकवटलेली असतात. वयस्क पेशीत ‘सीडीसी-४२’ हे प्रथिन अति सक्रिय होतं आणि ही मांडणी विस्कटते. संशोधक हार्टमुट गायगर यांच्या गटाने २०१२मध्ये म्हाताऱ्या उंदरांच्या मूळपेशींना शरीराबाहेर ‘कासिन’ हे रसायन दिलं. मांडणी सावरली आणि प्रत्यारोपणानंतर त्या पेशी तरुण पेशींसारखं काम करू लागल्या. पुढे वयस्क माणसांच्या मूळपेशींवरही कासिनने म्हातारपणाच्या काही खुणा पुसल्या.

त्याआधी, २००९मध्ये, रॅपामायसिन हे औषध दिलेल्या म्हाताऱ्या उंदरांमध्ये मूळपेशींचं काम सुधारून फ्लूची लस पुन्हा प्रभावी ठरली होती.

मात्र उतारवयात जनुकीय बिघाड झालेल्या मूळपेशीही फोफावतात. अशा औषधाने त्यांनाच बळ मिळालं तर रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढू शकतो. म्हणून रुग्णांपर्यंत पोचण्याआधी सुरक्षिततेची कसून तपासणी आवश्यक आहे.