लॉख नेसच्या दोन वाटा

स्कॉटलंडच्या उत्तर भागांत इन्व्हरनेसहून फोर्ट ऑगस्टसला मोटारीनें जावयाचें, तर लॉख नेस सरोवराच्या दोहों कांठांनीं दोन निराळे रस्ते आहेत. सरोवर भूकवचांतील एका प्रचंड भेगेंत सांचलेलें. लांबी सुमारें २३ मैल, रुंदी जेमतेम मैलभर, खोली मात्र ७५० फुटांच्या घरांत. आसपासच्या माळावरील काळी, कुजट माती मिसळून पाणी कोऱ्या चहासारखें दिसतें.

बहुतेक प्रवासी वायव्य कांठच्या ए-८२ ह्या हमरस्त्यानें जातात. १९३३ च्या सुमारास हा रस्ता नव्यानें बांधला गेला, आणि त्याच वर्षीं सरोवरांतील अजस्र प्राण्याची वार्ता वर्तमानपत्रांत झळकली! पाण्याकडे पाहणारे वाढल्यावर प्राणी दिसूं लागला, ह्यांत मला तरी नवल वाटत नाहीं. अर्कहार्टचा भग्न किल्ला ह्याच वाटेवर आहे. शत्रूच्या हातीं पडूं नये म्हणून १६९२ मध्यें त्याच्याच शिबंदीनें तो सुरुंगानें उडविला. तो अवश्य पाहावा. पण गर्दी फार.

माझें मत विचाराल, तर आग्नेय कांठ धरावा. १७१५ च्या बंडानंतर डोंगरी कुळांना वचकांत ठेवण्यासाठीं जनरल वेड ह्यानें १७२५ पासून लष्करी रस्ते बांधले. त्यांपैकींच एकाच्या मागावर हा रस्ता बराचसा चालतो. व्हाइटब्रिज येथें १७३२ चा त्याचा एककमानी पूल अद्याप उभा आहे. गंमत अशी कीं, १७४५ मध्यें राजपुत्र चार्ल्सच्या बंडखोर सैन्यानें वेडच्याच एका रस्त्यानें डोंगर ओलांडला. ज्यांना आवरावयाचें, त्यांचीच सोय झाली!

फॉयर्सला मात्र मन खट्टू होतें. १८९६ सालीं ॲल्युमिनियमच्या कारखान्याच्या विजेसाठीं येथील धबधब्याचें पाणी वळविलें, तेव्हांपासून त्याचा जोर ओसरला. कारखाना १९६७ मध्यें बंद पडला, तरी विजेचें काम चालूच आहे. धबधबा पाहावयाचा, तर चांगला पाऊस पडून गेल्यावर जावें.

ह्या बाजूचा रस्ता ठिकठिकाणीं एकेरी आहे. वाहनें आपल्याकडल्याप्रमाणेंच डावीकडून चालतात. समोरून गाडी दिसली कीं जवळच्या रुंद जागेंत आपण थांबावयाचें. ती जागा उजव्या हाताला असेल, तर तिच्यासमोर डावीकडेच थांबून दुसऱ्यास तींत वळूं द्यावें. मागच्याला घाई असेल, तर त्यालाही वाट द्यावी. अशा जागेंत गाडी उभी करून छायाचित्रें घेत बसणें हा तेथें मोठा असभ्यपणा होय. फोर्ट ऑगस्टसचा उतार लागण्यापूर्वीं उंचावर थांबण्यास स्वतंत्र जागा आहे. तेथें खुशाल अर्धा तास बसावें आणि मग खालीं उतरून, टेलफर्डच्या १८२२ च्या कालव्यांतील पांच दरवाजांच्या टप्प्यांनीं नौका कशा चढतात, तें पाहावें.