पदवीचा कागद आणि हातातले कसब
(नभोवाणीवरील भाषण)

बारावीचा निकाल लागल्यावर सौसरकडील एक संत्रा-बागाईतदार माझ्याकडे आले. त्यांची कन्या माझी विद्यार्थिनी. गणितात तिची बुद्धी चांगली चालते आणि संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याचा, म्हणजे प्रोग्रॅमिंगचा, तिला नाद आहे. ते म्हणाले, "सर, पोरगी म्हणते बारावीवरच कंपनीत नोकरी भेटते जी. मंग बगिचा गहाण टाकून तिले इंजिनेर कशाले करू?"

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. शिक्षकाने "कॉलेजाविना गती नाही" असे म्हणणे सोपे असते. परंतु सल्ला चुकला तर व्याज मला नव्हे, त्यांना भरावे लागणार होते. म्हणून आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत जो विचार केला, तोच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम ध्यानात घ्यावयाचे ते हे की, हा व्यवसाय आपल्या पदवीपेक्षा वयाने वडील आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेला, पुढे टिफ्रॅक या नावाने ओळखला गेलेला संगणक १९६० साली कामाला लागला. अमेरिकेत संगणकशास्त्रातील पहिल्या दोन डॉक्टरेट १९६५ साली दिल्या गेल्या. त्यांपैकी एक मेरी केनेथ केलर या आम्हां कॅथलिकांतील एका धर्मभगिनीस मिळाली. तत्पूर्वीचे लोक यंत्रापाशी बसूनच हे काम शिकले. मात्र ते अशिक्षित होते असे कोणी समजू नये. गणिताचा पाया त्यांनी आधीच भक्कम घातलेला होता.

दुसरे उदाहरण आपल्या मराठी मुलखातले. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या कैलास काटकरांचे शिक्षण दहावीनंतर थांबले. पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करता करता त्यांनी स्वतःचे दुकान काढले. त्यांतूनच क्विक हील ही कंपनी उभी राहिली आणि २०१६ साली तिचे समभाग बाजारात आले. ही कथा पदवीविरुद्ध पुरावा म्हणून सांगितली जाते. पण तिचा दुसरा अर्धा भाग कोणी सांगत नाही. संगणकातील विषाणू हुडकणारी आज्ञावली लिहिली ती त्यांच्या धाकट्या बंधूंनी, संजय काटकरांनी. आणि त्यांनी संगणकशास्त्राचे महाविद्यालयीन शिक्षण घेतले होते. थोरल्याचे व्यवहारज्ञान आणि धाकट्याची विद्या, दोन्ही मिळून ते घर उभे राहिले.

आता त्या मुलीच्या म्हणण्याकडे वळू. ते खोटे नाही. तामिळनाडूतील झोहो ही कंपनी २००५ च्या सुमारापासून बारावी वा पदविका झालेल्या मुलांना स्वतःच्या शाळेत विद्यावेतन देऊन शिकवीत आली आहे. नागपूरच्या मिहानमध्ये केंद्र असलेल्या एचसीएलने २०१७ पासून बारावीनंतरच्या मुलांसाठी प्रशिक्षणाची योजना चालविली. परंतु बारकाईने पाहा: तेथे परीक्षा घेऊन निवड होते, आणि एचसीएलच्या योजनेत तर नोकरी करता करता पदवी घेण्याची सोयही ठेवलेली आहे. ज्यांनी पदवीवाचून दार उघडले, त्यांनाही पुढे पदवीची गरज भासेल असे वाटले, हे लक्षणीय नव्हे काय?

अमेरिकेत अनेक कंपन्यांनी पदवीची अट काढल्याचे जाहीर केले. हार्वर्डच्या व्यवसायशाळेने बर्निंग ग्लास संस्थेसह २०२४ साली त्याचा हिशेब मांडला, तेव्हा दिसले की सातशे नेमणुकांत एकीचाही लाभ या बदलामुळे पदवीहीनाला झालेला नव्हता. जाहिरातीतील शब्द बदलला, निवडणाऱ्याची सवय बदलली नाही. परदेशगमनाचेही तसेच. अमेरिकेच्या एच-वन-बी परवान्यासाठी पदवी नसेल, तर महाविद्यालयातील एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा अनुभव मोजतात. म्हणजे चार वर्षांच्या पदवीची भरपाई बारा वर्षांनी होते.

श्रोतेहो, मला खरे दुःख निराळेच आहे. पुण्यामुंबईच्या मुलाचा मामा वा शेजारी कोणत्या तरी कंपनीत असतो. त्याने मुलाचे काम पाहिले की पदवी कोणी विचारीत नाही. आमचा पांढुर्णा २०२३ साली जिल्हा झाला, सौसर त्यात आले. पण आमच्या मुलांना असा मामा कोठून आणावा? घरी मराठी, शाळेत हिंदी आणि संगणकाचे ग्रंथ इंग्रजीत, अशा तीन भाषांतून ती वाट काढतात. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याच्यासाठी पदवी हेच ओळखपत्र असते. पदवीवाचून चालते, हे वाक्य ज्यांची ओळख आधीच झालेली आहे त्यांच्या तोंडी अधिक शोभते.

मग बाग गहाण टाकावी काय? मुळीच नाही. पदवी हवी याचा अर्थ महागडी पदवी हवी असा नव्हे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची बीसीए घरी राहून करता येते. मद्रास आयआयटीने २०२१ पासून बारावी झालेल्यांसाठी दूरस्थ पदवीचा वर्ग चालविला आहे. त्यात प्रमाणपत्र वा पदविका घेऊन मध्येच थांबण्याचीही मुभा आहे. जोडीला स्वतः रचलेल्या दोन-चार आज्ञावल्या दाखविण्याजोग्या असाव्यात. २०२२ नंतर कृत्रिम बुद्धीची यंत्रे साध्या आज्ञावल्या क्षणात लिहू लागली आहेत. तेव्हा केवळ पाठांतराने मिळालेली पदवी निरुपयोगी, आणि दोन महिन्यांच्या वर्गात शिकलेले वरवरचे कसबही निरुपयोगी. टिकेल ते गणित, तर्क आणि चूक हुडकण्याची चिकाटी.

आठव्या दिवशी मी त्या गृहस्थांना सांगितले, "बगिचा राहू द्या. मुलीला बारावीवरच्या निवडपरीक्षेस बसवा. पण करारनामा सही करण्यापूर्वी माझ्याकडे आणा. निवड झाली तर नोकरीसोबत पदवी, न झाली तर घरी राहून पदवी. दोन्ही वाटांवर पुस्तक मात्र सुटता कामा नये."

त्यांनी मुलीकडे पाहिले. ती हसून म्हणाली, "सर, पुस्तक सोडतो म्हणून मी कधी म्हटलंच नव्हतं."

खरे आहे. कॉलेज सोडणे आणि शिकणे सोडणे यांतील भेद तिला ठाऊक होता. तो आम्हां वडीलधाऱ्यांनाच शिकावयाचा होता.