नाव कोठपर्यंत चालते?



मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या भाषेवर बोलावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु आजचा प्रश्न मुळात भाषेचाच आहे: एखाद्या नावाचा अंमल कोठपर्यंत चालतो?

आज्ञावलीत मूल्य साठविण्यासाठी योजलेल्या नावाला 'चल' म्हणतात. एकच कृती पुनःपुन्हा करवून घेणारी रचना म्हणजे 'लूप'. समजा, पायथन भाषेत 'क्रमांक' या चलात एका विद्यार्थ्याचा हजेरीक्रमांक 27 ठेवला. त्याच ठिकाणी, पुढे लूपमध्ये 0, 1, 2 अशा मोजणीसाठी तेच नाव वापरले. लूप संपल्यावर 'क्रमांक' पाहिला, तर 27 नव्हे, 2 मिळतो. पायथनचे लूप नावाला वेगळे घर देत नाही. संगणक तक्रार करीत नाही. चूक निमूटपणे पुढे जाते. निकालपत्रकात असे घडले, तर एकाचे गुण दुसऱ्याच्या पदरी पडतील.

जावास्क्रिप्टची कथा अधिक बोधप्रद आहे. ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये रचलेल्या या भाषेत 'व्हार' शब्दाने घोषित केलेला चल ज्या फंक्शनमध्ये असेल, त्या सबंध फंक्शनभर चालतो. 2015 च्या प्रमाणित आवृत्तीत 'लेट' आले आणि व्याप्ती महिरपी कंसांच्या आत आखली गेली. 0 ते 2 मोजणाऱ्या लूपमध्ये 'हा आकडा नंतर छाप' अशी तीन कामे नेमून ठेवा. 'व्हार' असेल तर तिन्ही कामे 3 छापतात. कारण चल एकच, आणि फेऱ्या संपताना तो 3 झालेला असतो. 'लेट' असेल तर प्रत्येक फेरीस नवा चल मिळतो आणि 0, 1, 2 छापले जातात.

आपल्या परंपरेला हा विचार अपरिचित नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी आलेला प्रत्ययाचा अधिकार पाचव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत चालतो. ती मर्यादा ठाऊक नसेल, तर मधल्या सूत्रांचा अर्थ लागत नाही.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती आहे. येथे अडखळणाऱ्या मुलाला मंदबुद्धी समजू नका. हा तर्कदोष नव्हे. प्रत्येक भाषेने आपापला संकेत ठरविला आहे, आणि संकेत शिकवावाच लागतो. मुलाच्या हाती कागद द्या. प्रत्येक फेरीचे मूल्य लिहवून घ्या, आणि लूपबाहेर आल्यावर विचारा, 'हे नाव आता जिवंत आहे का? असल्यास त्यात काय आहे?' उत्तर आधी कागदावर लिहू दे, मग संगणकाला विचारू दे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या शाळेत पाठांतरापेक्षा अशा पडताळणीला मान मिळावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.