मोटारीच्या दिव्यांचे आयुष्य आणि व्होल्टेजचा आकडा

मोटारीच्या पुढच्या दिव्यातला बल्ब वरचेवर उडू लागला की दोष बहुधा बल्ब बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला नाहीतर रस्त्यातल्या खड्ड्यांना दिला जातो; परंतु तो बल्ब रोज रात्री ज्या विद्युतदाबावर, म्हणजेच व्होल्टेजवर, पेटलेला असतो, तो दाब नेमका किती आहे हे मोजून पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. प्रस्तुत भाषणाचा रोख प्रामुख्याने या एका मोजमापावर आहे.

रस्त्यावरच्या बहुसंख्य जुन्या आणि पुष्कळशा नव्या मोटारींमध्ये हॅलोजन बल्ब असतात. एच४ या प्रकारात एकाच कुपीत दोन फिलामेंटे असतात, त्यांपैकी ६० वॅटचे अप्परसाठी आणि ५५ वॅटचे डिपरसाठी. फॉग लाइटमध्ये एच३, एच८ किंवा एच११ यांसारखा एका फिलामेंटाचा बल्ब बसवलेला असतो. फिलामेंट म्हणजे टंगस्टनच्या बारीक तारेचे वेटोळे. टंगस्टन वितळण्यास ३,४०० अंश सेल्सियसहून अधिक तापमान लागते, म्हणूनच ही तार अडीच हजार अंशांच्याही वर तापून पांढराशुभ्र प्रकाश देऊ शकते. मात्र इतक्या उष्णतेत धातूचे कण सावकाश उडून जात राहतात, तार झिजते आणि जिथे ती सर्वांत बारीक झालेली असते तिथे एके दिवशी तुटते. कुपीत भरलेले आयोडीन किंवा ब्रोमीन, म्हणजे हॅलोजन गटातले मूलद्रव्य, उडालेल्या टंगस्टनशी संयोग पावून त्याला काचेवर बसू देत नाही आणि पुन्हा तारेपाशी आणून सोडते. परंतु परत आलेला कण ज्या जागेवरून उडाला त्याच जागी बसेल असे नसल्यामुळे झीज लांबते, टळत मात्र नाही.

ही झीज समजण्यासाठी कंदिलाची वात डोळ्यांपुढे आणावी. वात बेताची वर असली तर एका भरणीत रात्र निघते. किल्ली थोडी जास्त फिरवली की उजेड क्षणभर वाढतो, पण काच काजळते, वात करपते आणि रॉकेल लवकर संपते. मोटारीच्या दिव्यात ही किल्ली म्हणजे व्होल्टेज होय. फरक इतकाच की कंदिलाची किल्ली घरच्या माणसाच्या हाती असते, तर मोटारीच्या दिव्याची किल्ली अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज निर्माण करणाऱ्या यंत्राच्या, रेग्युलेटरमध्ये दडलेली असते, आणि ती बिघडून वात वर चढली तरी चालकाला काही कळत नाही. उलट दिवे पूर्वीपेक्षा झकास लागतात असे वाटून तो समाधान मानतो.

ही वात किती चढली म्हणजे किती नुकसान होते, हे आकड्यांवरून ध्यानात येईल. बल्बचे आयुष्य आणि प्रकाश सामान्यतः १३.२ व्होल्टवर तपासले जातात. व्होल्टेज केवळ ५ टक्क्यांनी वाढले तर आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते, आणि १३.२ ऐवजी १४.५ व्होल्ट सतत मिळत राहिले तर ते तिसऱ्या हिश्शाच्याही खाली जाते. म्हणजे वर्ष-दीड वर्ष टिकणारा बल्ब पाच-सहा महिन्यांत उडाला तर त्यात बल्बचा दोष असेलच असे नाही. यासाठी इंजिन मध्यम गतीवर चालू ठेवून, दिवे लावून, बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर धरावा, १३.८ ते १४.४ च्या आसपासचा आकडा ठीक समजावा, आणि तो १४.८ च्या पुढे जात असेल तर नवा बल्ब विकत घेण्यापूर्वी रेग्युलेटर तपासून घ्यावा. काही नव्या गाड्यांत संगणक गरजेनुसार व्होल्टेज वरखाली करत असतो, तेथे गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. वायरमनकडे हे काम अवघ्या पाच मिनिटांचे आहे. तरीही चार वेळा बल्ब बदलणारा वाहनमालक एकदाही मीटर लावायला सांगत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

याच मोजमापाची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. बॅटरीवर पुरेसे व्होल्टेज असूनही ते बल्बपर्यंत पोहोचत नाही, कारण वाटेत गंजलेले अर्थिंग, सैल झालेला कप्लर, म्हणजे बल्बला वायर जोडणारा भाग, आणि बारीक वायर त्यातला काही भाग खाऊन टाकतात. बल्बपाशी एक व्होल्ट कमी पोहोचला तर प्रकाश जवळजवळ पाव हिश्शाने घटतो. अशा वेळी बल्बचे आयुष्य कागदोपत्री वाढते खरे, पण उजेड अपुरा पडतो म्हणून मालक १०० आणि ९० वॅटचा बल्ब बसवतो, आणि खरे अनर्थ तेथून सुरू होतात. ६० वॅटचे फिलामेंट १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह घेते, तर १०० वॅटचे आठहून अधिक. मूळची वायर, स्विच आणि होल्डर एवढा प्रवाह सोसण्यासाठी बनवलेले नसल्याने कप्लर आधी तपकिरी पडतो, मग वितळतो, आणि सैल झालेल्या पिनांमध्ये ठिणग्या पडू लागल्या की नवा बल्बही टिकत नाही. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडणारी तिरीप तर निराळीच. कंदिलाच्या नळीत काजळी साचली म्हणून कोणी मोठी वात लावत नाही. नळी साफ करतो. अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने घासून पक्की करावी, आणि बॅटरीपासून थेट जाड वायर आणून, योग्य फ्यूज घालून, स्विचने केवळ रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे साधन, चालवावा, म्हणजे ६०-५५ वॅटचा बल्बच पुरेसा वाटू लागतो. रिले बसवल्यावर पुन्हा व्होल्टेज मोजणे आवश्यक आहे, कारण वाट मोकळी होताच रेग्युलेटरचा दोष, तो असल्यास, उघडा पडतो.

उडालेला बल्ब न पाहता फेकून देण्याची सवय सोडावी, कारण मृत्यूचे कारण बहुतेक वेळा त्याच्यावर लिहिलेले असते. काच आतून काळवंडली असेल तर बल्ब म्हातारा झाला किंवा जादा व्होल्टेजवर चालला, असे समजावे. आत पांढरट-पिवळसर भुकटी दिसली तर कुपीला तडा जाऊन हवा शिरली. काच स्वच्छ आणि तार मात्र तुटलेली असेल तर हादऱ्याकडे पाहावे. तापलेले फिलामेंट मऊ असते, त्यामुळे होल्डरमधली स्प्रिंगची क्लिप नीट न बसणे किंवा फॉग लाइटचे ब्रॅकेट ढिले असणे एवढेही पुरते. कुपीच्या क्वार्ट्झ काचेवर एखाद्या जागी दुधी डाग किंवा फुगवटा दिसला तर बसवणाऱ्याचे बोट लागले होते असे मानायला हरकत नाही, कारण त्वचेवरचे तेल आणि मीठ तापून त्या जागी क्वार्ट्झ दुबळे होते. म्हणून बल्ब नेहमी धातूच्या कडेला धरावा, आणि बोट लागलेच तर काच स्पिरिटने पुसून, वाळू देऊन मगच बसवावा.

फॉग लाइटचे हाल अधिक होतात, कारण धुक्याच्या खालून रस्त्यावर प्रकाश पसरावा या हेतूने तो बंपरमध्ये खाली बसवलेला असतो आणि चिखल, दगड व पाणी यांचा पहिला मारा त्याच्यावर होतो. आंबोली, महाबळेश्वर, माळशेज या घाटांत पावसाळ्यात धुके खरोखर दाट असते आणि तेथे या दिव्याला पर्याय नाही. परंतु धुके मागे पडल्यावरही तो कोरड्या, स्वच्छ हवेत घरापर्यंत चालू ठेवला जातो आणि तापत राहतो. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर थेंब उडाला की काच तडकते, हे जुन्या घरांत लहान मुलालाही ठाऊक असे. तापलेला फॉग लाइट साचलेल्या पाण्यात घातला की तेच होऊ शकते. लेन्सला गेलेला बारीक तडा किंवा मागची सरकलेली रबरी टोपी आत ओल सोडते, ओल पिना गंजवते, आणि गंजलेल्या पिना पुन्हा व्होल्टेज खातात. दिव्यात बाष्प दिसत असेल तर आधी टोपी आणि सील पाहावे, नंतर बल्ब.

थंड टंगस्टनचा विद्युतरोध तापलेल्या टंगस्टनच्या दशांशाच्या आसपास असतो, त्यामुळे दिवा लावण्याच्या क्षणी प्रवाहाचा मोठा धक्का बसतो. इंजिन सुरू झाल्यावरच दिवे लावावेत आणि विनाकारण उघडझाप करू नये, हे त्यामुळेच योग्य. निळसर लेप दिलेल्या, अधिक पांढरा प्रकाश देणाऱ्या बल्बांबाबत एवढेच नोंदवता येईल की तो पांढरेपणा बहुतांशी लेपाने पिवळसर प्रकाश गाळून मिळवलेला असतो आणि त्यात घटलेला उजेड भरून काढण्यासाठी तार अधिक तापवलेली असते, म्हणजे कारखान्यातच वात चढवलेली असते. हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब बसवण्याचा प्रश्न वेगळा आहे. त्यात उष्णतेइतकाच परावर्तकाच्या रचनेचा विचार करावा लागतो आणि त्यासाठी या भाषणात वेळ उरलेला नाही.

एका बाजूचा बल्ब उडाला की दुसऱ्यानेही तितकेच तास भरलेले असतात, तेव्हा जोडी एकदम बदलावी. मात्र ती बदलण्यापूर्वी, हे पुन्हा सांगणे भाग आहे, बॅटरीवरचे आणि दिवा चालू असताना बल्बच्या कप्लरवरचे अशी दोन्ही व्होल्टेजे मोजून घ्यावीत आणि दोन्ही आकडे गाडीच्या सर्व्हिस बुकात तारखेसह लिहून ठेवावेत. पहिला पाऊस पडण्यापूर्वी प्रत्येक वाहनमालकाने आपल्या वायरमनकडून एवढे काम आग्रहाने करून घ्यावे.