आंब्याचं मूस : यात काय आहे?

(स्नेहमेळाव्यात जेवणाआधीच्या सत्रात केलेलं मनोगत)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'निवृत्तीनंतरचा माझा छंद'. माझ्याआधी एकाने गिर्यारोहण सांगितलं, एकीने कथक सांगितलं. माझा छंद त्यामानाने घरगुती आहे. मी गोड पदार्थ करतो. त्यातही एकच पदार्थ गेली तीन वर्षं करतोय : आंब्याचं मूस, वर आरशासारखी चकचकीत ग्लेझ. मागच्या रांगेतून हसू आलं ते ऐकलं मी. हसा. पण जेवणानंतर तुमच्यापुढे जी वाटी येणार आहे ती मी केलेली आहे, तेव्हा जरा जपून हसा.

'मूस' हा फ्रेंच शब्द, अर्थ फेस. फेटलेल्या क्रीममध्ये हवा कोंडायची, त्यात फळाचा रस मिसळायचा आणि तो फेस खाली बसू नये म्हणून त्याला कशाने तरी धरून ठेवायचं. हे 'कशाने तरी' म्हणजेच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आधी एक जुनी गोष्ट. नववीत प्रयोगशाळेत पाण्याचा उत्कलनबिंदू काढायचा होता. माझ्या तापमापकात पारा 98 वर थांबला. पुस्तकात 100 होतं, शेजारच्याच्या वहीत 100 होतं, मीही 100 लिहिलं. बाईंनी वही पाहिली, तापमापक हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "तुला किती दिसलं?" मी गप्प. त्यांनी लाल शाईने 100 खोडलं आणि वही परत दिली. वर्गातल्या पुष्कळांना हे आठवत असेल, कारण त्या दिवशी मला बाहेर उभं राहावं लागलं होतं.

आता तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाईंचं सहस्रचंद्रदर्शन झालं, तेव्हा आपण दहा-बाराजण त्यांच्या घरी गेलो होतो. मी नुकताच हे मूस शिकलो होतो आणि फार फुशारकीत होतो. गोल साच्यात मूस लावून रात्रभर फ्रीजरमध्ये दगडासारखं गोठवलं. ग्लेझसाठी साखर, ग्लुकोज, कंडेन्स्ड मिल्क, पांढरं चॉकलेट आणि जिलेटिन. हे मिश्रण 32 ते 35 अंशांपर्यंत थंड करून गोठलेल्या मूसवर एका दमात ओतायचं. गार पृष्ठभागाला लागताच ते जागच्या जागी धरतं आणि आरसा तयार होतो. खरंच झाला होता. बाईंच्या दिवाणखान्यातला पंखा त्यात फिरताना दिसत होता.

बाईंनी दोन चमचे खाल्ले. मग ताटली जरा हलवून पाहिली आणि म्हणाल्या, "सुरेख झालंय रे. पण हे थरथरतं कशानं? जिलेटिन तर नाही ना?"

बाई आयुष्यभर शाकाहारी आहेत, अंड्याचा केकसुद्धा खात नाहीत, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. जिलेटिन जनावरांच्या हाडां-कातड्यापासून काढतात, हे मलाही माहीत होतं. पाकिटावरची तपकिरी खूण मी पाहिली होती आणि 'एवढ्याशा चमच्याने काय होतंय' म्हणून पाकीट फोडलं होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "नाही बाई, चायना ग्रास आहे."

बाईंनी उरलेलं संपवलं. वर म्हणाल्या, "चायना ग्रास इतकं मऊ लागतं हे मला नव्हतं माहीत."

ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. त्यानंतर हा पदार्थ करायला घेतला की हात थांबायचा. दोन दिवाळ्या मी बाईंना फोनवर शुभेच्छा दिल्या आणि बोललो नाही. शेवटी गेल्या वर्षी दिवाळीत त्यांच्या घरी गेलो आणि सांगून टाकलं. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी खाल्लं तेव्हा मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं." मला वाटलं आता जायला सांगतील. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता ते खरोखर चायना ग्रासचं करून आण. आणि कसं केलंस, काय बिघडलं, का बिघडलं, सगळं वहीत लिहून आण. दिसलं तेच लिही."

मेळाव्यात ही गोष्ट सांगू का, असं मी त्यांना परवा विचारलं. म्हणाल्या, "सांग, पण कृतीसकट सांग." म्हणून पुढचं सगळं कृतीसकट.

पहिला प्रयोग. जुनीच कृती, फक्त जिलेटिनच्या जागी तेवढंच चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर पावडर. निरीक्षण : मूस नव्हे, खरवडून खायची वडी. कारण चायना ग्रास जिलेटिनच्या कितीतरी पट घट्ट धरतं. शिवाय जिलेटिन साधारण 35 अंशांच्या आत वितळतं, आपलं तोंड त्याहून गरम असतं, म्हणून ते जिभेवर विरघळतं. चायना ग्रास वितळायला 85 अंश लागतात. ते तोंडात वितळत नाही, तुटतं. बाईंना जो मऊपणा नवा वाटला होता तो याचमुळे.

दुसरा प्रयोग. चायना ग्रास कमी केलं, उकळलं आणि फ्रीजमधल्या गार आमरसात ओतलं. निरीक्षण : रसात साबुदाण्यासारख्या गाठी. चायना ग्रास 40 अंशांच्या खाली आलं की धरायला लागतं. गार रसाने त्याला मिसळायला वेळच दिला नाही.

तिसरा प्रयोग. रस कोमट करून घेतला, गाठी झाल्या नाहीत. मग जुन्या सवयीने मूस रात्रभर फ्रीजरमध्ये. निरीक्षण : सकाळी बाहेर काढल्यावर दोन तासांत ताटलीत पाण्याचं तळं आणि वरची ग्लेझ घसरून एका बाजूला. बर्फाचे स्फटिक चायना ग्रासची जाळी फोडतात आणि तिच्यातलं पाणी बाहेर पडतं. जपानमध्ये हेच मुद्दाम करतात. समुद्री शेवाळ उकळून त्याची जेली हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर गोठवायची, दिवसा वितळू द्यायची, पाणी निघून गेलं की कोरडं चायना ग्रास उरतं. म्हणजे माझ्या फ्रीजरमध्ये मी मूस करत नव्हतो, चायना ग्रासचा कारखाना चालवत होतो.

हे बाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या आणि त्यांनी मला फॅनी हेसची गोष्ट सांगितली. 1881 साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन वापरत. उन्हाळ्यात ते वितळायचं, काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसची पत्नी फॅनी हिने सुचवलं की घरी जेली करायला मी अगर-अगर वापरते, ते उन्हाळ्यातही टिकतं, ते घेऊन पाहा. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू अगरवरच वाढवतात. "स्वयंपाकघरातलं निरीक्षण होतं ते," बाई म्हणाल्या, "पण तिने दिसलं ते सांगितलं."

चौथा प्रयोग, जो जमला. वही काढा, आठ वाट्यांचं प्रमाण सांगतो.

मूससाठी : हापूसचा गाळलेला रस 400 ग्रॅम, पाणी 150 मिली, साखर 60 ग्रॅम, अगर-अगर पावडर 4 ग्रॅम, लिंबाचा रस एक चमचा, व्हिपिंग क्रीम 300 मिली. क्रीममध्ये स्निग्धांश निदान 30 टक्के हवा. साधं 25 टक्क्यांचं क्रीम नीट फुगत नाही. पावडर वजनकाट्यावर मोजा, चमच्यावर भरवसा ठेवू नका.

पावडर गार पाण्यात कालवायची, साखर घालायची आणि ढवळत दोन-तीन मिनिटं चांगली उकळायची. नुसती गरम करून चालत नाही. रस वेगळ्या पातेल्यात कोमट करायचा, त्यात हे उकळतं पाणी ओतून ढवळायचं. लिंबू आता, शेवटी. आंबट घालून उकळलं तर चायना ग्रास कमजोर पडतं. मग हे ताटात ओतून पूर्ण गार होऊ द्यायचं. त्याची जेली होईल. होऊ द्या.

आता ती जेली मिक्सरमध्ये घालून अगदी गुळगुळीत होईपर्यंत फिरवायची. घट्ट झालेलं मुद्दाम मोडायचं, हीच गोष्ट मला तीन प्रयोग फसल्यावर कळली. मोडलेली जेली दाट कस्टर्डसारखी होते. ती पुन्हा वडीसारखी धरत नाही, पण फेसाला आधार देते. गाठींची भीती गेली, घाईही गेली.

क्रीम फेटताना भांडं आणि बीटर आधी पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात हे टाळलंत तर क्रीमचं ताक होईल. बीटर उचलल्यावर क्रीमचं टोक उभं राहून किंचित वाकलं की थांबा. आधी एक तृतीयांश क्रीम जेलीत मिसळा, मग उरलेलं हलक्या हाताने, खालून वर घेत. वाट्यांत भरा, वाटी ओट्यावर दोनदा आपटा, चार तास फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजरमध्ये नाही.

ग्लेझसाठी : कापडातून गाळलेला रस 100 ग्रॅम, पाणी 100 मिली, साखर 50 ग्रॅम, अगर-अगर पावडर 1 ग्रॅम. पाणी, साखर, पावडर उकळा, कोमट रस मिसळा, पुन्हा गाळा. जोरात ढवळू नका, बुडबुडे राहिले तर आरशाला देवीचे वण येतात. 45 ते 50 अंशांवर, म्हणजे बोटाला गरम लागेल पण सोसवेल इतपत असताना, चमच्याच्या पाठीवरून गार मूसवर पातळ थर सोडा. याहून गार झालं तर पातेल्यातच धरेल, गरम असेल तर खालचं क्रीम वितळेल. दहा मिनिटांत थर धरतो.

एक फायदा सांगतो. कच्चा अननस किंवा पपई घातली तर जिलेटिन धरतच नाही, कारण ते प्रथिन आहे आणि या फळांतलं विकर ते तोडतं. चायना ग्रास प्रथिन नाही. अननसाचंही मूस बेलाशक करा.

आता अनुमान, आणि ते दिसलं तसं. हे मूस त्या दिवशीच्या मूससारखं नाही. ते साच्यातून काढून ताटात उभं करता येत होतं, हे वाटीतच राहतं. तो आरसा बाजूंवरूनही ओघळलेला होता, हा फक्त वरचा. जिभेवर ते जसं विरघळायचं तसं हे विरघळत नाही. क्रीम विरघळतं आणि मागे आंब्याचा बारीक, मऊ गर राहतो. 'चायना ग्रासनेही अगदी तस्संच होतं' असं कुणी सांगितलं, तर त्याने दोन्ही शेजारी ठेवून खाल्लेलं नाही. पण हे मी आपल्यातल्या कुणालाही देऊ शकतो आणि यात काय आहे असं विचारलं तर सरळ सांगू शकतो.

तेव्हा मला ते सांगता आलं नव्हतं. तुम्ही दहा-बाराजण त्या दिवशी तिथे होतात, तुमच्यापैकी आणखी दोघं शाकाहारी होते. बाईंची क्षमा मी घरी जाऊन मागितली. तुमची इथे मागतो.

जेवणानंतर प्रत्येक वाटीजवळ एक चिठ्ठी आहे. त्यावर लिहिलं आहे : आंबा, क्रीम, साखर, लिंबू, चायना ग्रास. दूध चालत नसेल त्यांच्यासाठी नुसता कापलेला आंबा ठेवला आहे.

आणि बाई, प्रयोगवही आणली आहे. चारही प्रयोग त्यात आहेत, फसलेले तीनही. यावेळी शेजारच्याचं पाहिलेलं नाही. तपासून द्यावी.