चित्रांतले वीर आणि त्यांची माया

जयसिंगपूरहून आम्ही गटातल्या बायका बोलतोय. आज विषय चित्रांचा. रेडिओवर चित्र दिसायचं नाही, म्हणून डोळे मिटून ऐका.

घाट उतरून कोकणात गेलं, की कुडाळजवळ पिंगुळी गाव लागतं. तिथला ठाकर समाज चित्रकथी सांगतो. कागदावर हातानं रंगवलेल्या चित्रांचा गठ्ठा असतो, त्याला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक चित्र पुढं धरतो आणि गात गात कथा सांगतो. साथीला वीणा, टाळ, हुडुक. चित्रांत मोठ्या डोळ्यांचे वीर, बाणांचा पाऊस आणि माया! ढगाआड लपून लढणारा इंद्रजित, नाना रूपं घेणारे राक्षस.

बभ्रुवाहनाची गोष्ट आठवते? हा अर्जुन आणि चित्रांगदेचा मुलगा. अश्वमेधाच्या घोड्यावरून बापलेकांची लढाई जुंपली आणि लेकाच्या बाणानं अर्जुन पडला. पुढं नागमण्यानं त्याला उठवलं. महाभारतात तो मणी आणते उलूपी, अर्जुनाची नागकन्या बायको. लढाई पुरुषांची, पण जीव परत आणला बाईनं, हे पोरांना सांगताना विसरू नका.

अशी चित्रं जपानातही होती. कुनियोशी नावाच्या चित्रकारानं 1827 च्या सुमारास 108 शूरांची चित्रमाला सुरू केली. त्याच्या दुसऱ्या एका चित्रात ताकियाशा नावाची राजकन्या मंत्र वाचून भलामोठा हाडांचा सापळा उभा करते. ती चित्रं लाकडी ठशांची. चित्र लाकडात कोरायचं, बहुतेक रंगांसाठी वेगळा ठसा करायचा आणि एकाच कागदावर ते एकामागून एक उमटवायचे. म्हणून एका चित्राच्या शेकडो प्रती निघत आणि साध्या माणसालाही त्या परवडत.

आपल्या चित्रकथीचं तसं नव्हतं. पोथी हातानं रंगवलेली. ती जीर्ण झाली की पाण्यात सोडायची रीत. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता, तोवर नवी पोथी तयार व्हायची. आश्रय गेला, पोट भरेना, आणि पोरं दुसऱ्या कामाला लागली. चित्र गेलं की त्याच्याबरोबरचं गाणंही जातं.

परशुराम गंगावणे यांनी मात्र हे सोडलं नाही. पिंगुळीत घरच्या गोठ्यातच त्यांनी ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभं केलं. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथं चित्रं बघायला मिळतात, कळसूत्री बाहुल्याही.

गटाची सहल काढायची असेल, तर देवदर्शनाच्या वाटेवर पिंगुळीही धरा. एखादं चित्र विकत घ्या. कलाकाराच्या घरची चूल त्यावर पेटते. आणि तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायांना वीरांच्या, नागांच्या, चेटकाच्या ज्या गोष्टी येतात, त्या यंदाच मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. त्यांची तर पोथीसुद्धा नाही.