कलाशाखेची वाट कोठें जाते?

बारावीचा निकाल लागला कीं, पुण्यांतील पुष्कळ घरांतून एक प्रश्न ऐकूं येतो. मुलीस तत्त्वज्ञान शिकावयाचें असतें, मुलास इतिहास किंवा संस्कृत, आणि वडील माणसें विचारतात, "तें शिकून पुढें करणार काय?" हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाहीं. शिक्षणाचा खर्च घरालाच सोसावा लागतो. वैद्यकाच्या पदवीपुढें धंदा ठरलेला असतो; कलाशाखेच्या पदवीपुढें तसा तो ठरलेला नसतो. तेव्हां ह्या प्रश्नास उत्तर द्यावयाचें, तें विद्येचे गोडवे गाऊन नव्हे, तर ज्यांनीं ही वाट प्रत्यक्ष चालून पाहिली त्यांच्याकडे बोट दाखवूनच दिलें पाहिजे.

इरावतीबाई कर्वे ह्यांनीं फर्ग्युसन महाविद्यालयांतून १९२६ सालीं तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. ची पदवी मिळविली. मुंबईस डॉ. घुर्ये ह्यांच्या हाताखालीं समाजशास्त्र शिकून त्या पुढें बर्लिनला गेल्या. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेंत वंशभेद दिसून येतो, असें तेथील त्यांचे मार्गदर्शक फिशर ह्यांचें गृहीत होतें. बाईंनीं कवट्या मोजल्या. मोजमापांतून तसें कांहीं निघेना. आणि निघत नाहीं, असेंच त्यांनीं प्रबंधांत लिहिलें. परक्या देशांत, गुरूच्या मताविरुद्ध, एका तरुण विद्यार्थिनीनें हें केलें! १९३९ सालीं त्या डेक्कन कॉलेजांत आल्या, आणि पुढें समाजशास्त्र व मानवशास्त्र ह्यांच्या अभ्यासासाठीं त्यांनीं गांवोगांव प्रवास केला. 'युगान्त' हा त्यांचा ग्रंथ १९६७ सालचा. तत्त्वज्ञानाच्या पदवीपत्रावर ह्यांपैकीं कशाचाहि उल्लेख नव्हता.

दुसरें उदाहरण धनंजयराव गाडगीळ ह्यांचें. अर्थशास्त्राच्या ह्या अभ्यासकानें १९३० सालीं स्थापन झालेल्या गोखले संस्थेची धुरा वाहिली, आणि पुणें शहराच्या सामाजिक व आर्थिक स्थितीची पाहणी करून तिचा ग्रंथ सिद्ध केला. पण त्यांची विद्या ग्रंथालयांतच राहिली नाहीं. विठ्ठलराव विखे पाटील ह्यांच्या प्रयत्नांनीं प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते. पुढें १९६७ सालीं ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले.

कोणी म्हणेल, हीं शास्त्रें मोजमापाचीं. निव्वळ भाषा शिकणाऱ्याचें काय? त्यानें भांडारकर संस्थेंतील महाभारताचें काम पाहावें. १९१९ सालीं आरंभलेली चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. नाना लिपींतील बाराशेंहून अधिक हस्तलिखितें मिळवून, श्लोकागणिक पाठ ताडून ती सिद्ध झाली. तिचे प्रमुख संपादक डॉ. सुखठणकर केंब्रिजला गणित शिकलेले होते; शब्दांच्या ह्या कामांत त्यांना गणिताहून सैल शिस्त चालली नाहीं.

ह्या तिन्ही उदाहरणांत एक सूत्र आहे. कलाशाखा पुरावा पारखावयास शिकविते: हें कोणीं लिहिलें, कशाच्या आधारें, दुसरी बाजू काय, हें विचारण्याची संवय लावते. ही संवय न्यायालयांत, वृत्तपत्रांत, सरकारी कचेरींत आणि शाळेंत सारखीच उपयोगी पडते. मात्र ती नुसत्या पदवीनें लागत नाहीं. टिपणें पाठ करून वर्ग मिळविणाऱ्यास पदवी मिळते, विद्या मिळत नाहीं. आणि अशाच्या घरच्यांची काळजी अगदीं रास्त ठरते.

म्हणून ज्याला ही वाट धरावयाची असेल, त्यानें मातृभाषेखेरीज आणखी दोन भाषा चांगल्या आत्मसात कराव्या, थोडें संख्याशास्त्र शिकावें, आणि मूळ कागद स्वतः वाचावे. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून पुण्यांतच आहे. मोडी वाचतां येणाऱ्यास तेथें कामाचा तुटवडा नाहीं. घरच्या वडील माणसांनींहि प्रश्न जरूर विचारावा; पण "पुढें करणार काय?" ह्याच्या आधीं "आज वाचतोस काय?" असें विचारावें. त्या उत्तरावरून पुढचें उत्तर बरेंचसें कळून येतें.